पोरगं अंगणवाडीत 'नुसतं खेळतं' म्हणून काळजी वाटते? आधी हे समजून घ्या

सकाळचे साडेनऊ. गावच्या पारापासून दोन वाटा फुटतात. एका वाटेनं पिवळी व्हॅन धुरळा उडवत तालुक्याकडे निघते. आत तीन-चार वर्षांची लेकरं. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, दोन-तीन जण अजून झोपेतच. दुसऱ्या वाटेनं पाच-सहा पोरं हातात वाटी घेऊन अंगणवाडीकडे पळतात. पारावरचं कुणीतरी हमखास म्हणतं, "व्हॅनमधली शिकायला चालली, अन् ही खिचडी खायला."

हे वाक्य आज जवळपास प्रत्येक गावात ऐकू येतं. त्याचा परिणामही दिसतो. सोयाबीन विकून, बचत गटातून उचल घेऊन नर्सरीची फी भरली जाते. अंगणवाडीचा पट कमी होतो. ज्यांना फी परवडत नाही, त्या आईबापाला आपण लेकराचं नुकसान करतोय असं वाटत राहतं. पण तीन ते सहा वर्षांचं मूल शिकतं कसं, हा मूळ प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. व्हॅन किंवा टाय बघून त्याचं उत्तर मिळत नाही. त्या खोलीत लेकराच्या हातात काय आहे आणि त्याच्याशी कोण बोलतंय, यावर ते ठरतं.

शंभरपर्यंत पाठ, पण पाच चिंचोके देता येत नाहीत

घरातल्या घरात एक साधी परीक्षा घेऊन बघा. चार वर्षांच्या मुलाला आकडे म्हणायला सांगा. एक, दोन, तीन करत ते वीस-तीसपर्यंत धडाधड जाईल. आजोबा खूश. आता त्याच्यासमोर मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." बरीचशी मुलं मूठ भरून देतात. कधी तीन, कधी आठ.

यात मुलाचा काही दोष नाही. आकडे म्हणणं आणि आकडा समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणणं हे पाठांतर आहे, गाण्यासारखं. समजणं म्हणजे 'पाच' या शब्दामागे पाच वस्तू असतात, एका वस्तूला एकच आकडा लागतो आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे कळणं. फळ्यावर शंभरदा लिहून ते कळत नाही. हातात वस्तू घेऊन, मोजून, चुकून, परत मोजून कळतं.

अंगणवाडीत जेवणाच्या वेळी ताई एखाद्या मुलीला सांगते, "प्रत्येकासमोर एक-एक ताट ठेव." दोन ताटं कमी पडली की ती परत येते, "अजून दोन पाहिजेत." बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरीला कामाला लावलं. खरं तर तो गणिताचा तास असतो.

कोणत्या खेळातून काय शिकलं जातं?

*बिया निवडणे.* चिंचोके, हरभरे, शेंगदाणे एकत्र करून दिले की मुलं ते वेगळे करतात. आधी रंगावरून, मग आकारावरून. मोठे-छोटे, कमी-जास्त, सारखे-वेगळे हे इथंच पक्कं होतं. पुढं पहिलीत बेरीज-वजाबाकी येते, तेव्हा हाच पाया कामाला येतो.

*माती, मणी, कागद.* माती मळून बैल करणे, सुतळीत मणी ओवणे, कागदाचे बारीक तुकडे फाडून चिकटवणे. यात अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची ताकद वाढते. पेन्सिल याच तीन बोटांत धरायची असते.

*टाळ्या आणि बडबडगीतं.* ताई म्हणते, "क-म-ळ", तीन टाळ्या. "फू-ल", दोन टाळ्या. शब्द आवाजांच्या तुकड्यांचा बनतो, हे मुलाला कानानं कळतं. वाचायला शिकणं म्हणजे अक्षराला आवाज जोडणं. ज्याच्या कानाला तुकडे ओळखता येत नाहीत, त्याला अक्षर दिसतं पण वाचता येत नाही.

*भातुकली आणि दुकान-दुकान.* पिंपळाच्या पानाची भाकरी, खड्यांचे पैसे, काठीचा ट्रॅक्टर. पान हे पान आहे हे मुलाला माहीत असतं, तरी ते 'भाकरी' म्हणून वाढतं. एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट मानायची, ही फार मोठी झेप आहे. 'भ' हे अक्षर म्हणजे तरी काय? एका आवाजाच्या जागी मानलेली खूण. जे मूल पानाची भाकरी मानू शकतं, ते खुणेचा आवाजही मानू शकतं. शिवाय भातुकलीत भांडण होतं, वाटणी होते, "तू आई हो, मी पाव्हणा" असं ठरवावं लागतं. एवढं बोलणं दुसऱ्या कुठल्या तासाला होत नाही.

*लंगडी, शिवाशिवी, पुतळा.* 'पुतळा' म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. पळायची ऊर्मी अंगात असताना स्वतःला थांबवायचं, पाळी येईपर्यंत वाट बघायची, हरलं तरी खेळत राहायचं. पहिलीत गेल्यावर एका जागी बसून ऐकता येणं याच सवयीवर अवलंबून असतं.

वाफसा नसताना पेरणी

आता नर्सरीतल्या त्या चार रेघी वहीकडे येऊ. साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज एक पान 'ए', एक पान 'अ', घरी परत दोन पानं. संध्याकाळी आई हात धरून गिरवून घेते, लेकरू रडतं, आई चिडते. हे चित्र घरोघरी आहे.

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते. वय वाढेल तशी एकेक करून ती टणक होतात, आणि सगळी तयार व्हायला साधारण दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली मोजकीच तयार असतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून कच्चे असतात. म्हणून या वयातलं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवून रेघोट्या मारतं. ते चुकत नाही, त्याचं वयच ते आहे. मोठ्या कागदावर, फरशीवर, वाळूत हवं तेवढं रेखाटू द्यावं. बारीक रेघांत अक्षर बसवायची सक्ती मात्र त्याच्या हाताला झेपत नाही.

शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. वाफसा आल्याशिवाय पेरणी करत नाहीत. घाई करून चिखलात तिफण घातली तर बी वाया जातं आणि रानही बिघडतं. लेकराच्या बाबतीत बी वाया जाणं म्हणजे 'अभ्यास' या शब्दाचीच धास्ती बसणं. एकदा ती बसली की पुढं काढायला फार वर्षं लागतात.

ही परदेशी टूम नाही, कोसबाडची देणगी आहे

काही जणांना वाटतं, खेळातून शिक्षण हे शहरातल्या लोकांनी इंटरनेटवरून आणलेलं नवीन खूळ आहे. खरं तर त्याचा एक मोठा धागा महाराष्ट्राच्या खेड्यात आहे.

इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. मुलं वस्तू हाताळून स्वतः शिकतात, हा त्यांचा विचार. ताराबाई मोडक (१८९२ ते १९७३) यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत या पद्धतीवर काम केलं. पण एक अडचण त्यांच्या लक्षात आली. माँटेसरीची साधनं महाग आणि बालमंदिरं शहरात. खेड्यातल्या, गरिबाच्या लेकरांचं काय?

म्हणून १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथं त्यांना अनुताई वाघ (१९१० ते १९९२) येऊन मिळाल्या. केंद्र उघडलं, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग या बायांनी ठरवलं, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरू लागली आणि 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पानं, फुलं, बिया, माती आली. जे गावात फुकट मिळतं, तेच शिकायचं साधन झालं.

पुढं हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. तिथली मुलं गुरं राखायला रानात जायची, शाळेत येणार कधी? तर शिक्षक कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि बाजूला शाळा चालू आहे, अशी ती 'कुरणशाळा'. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावातल्या केंद्राला नाव दिलं गेलं ते हेच, अंगणवाडी. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. गावच्या कोपऱ्यातली ती एक खोली एवढ्या मोठ्या कामाची वारस आहे, हे आपण विसरलो. खिचडी तेवढी लक्षात राहिली.

सरकारी धोरण काय म्हणतं?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वय ३ ते ८ हा एकच 'पायाभूत स्तर' मानला आहे. अंगणवाडीची किंवा बालवाडीची तीन वर्षं आणि शाळेची पहिली-दुसरी, अशी ती पाच वर्षं. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं धोरणातच नमूद आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की ३ ते ६ वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक लावू नये. खेळणी, गोष्टी, गाणी, कोडी, चित्रं आणि परिसर यांतूनच शिकवावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्यांचा आणि साहित्याचा संच आला. मे २०२३ मध्ये केंद्राची 'पोषण भी, पढाई भी' मोहीम सुरू झाली. अंगणवाडीत आहाराबरोबर बालशिक्षणही झालंच पाहिजे, असा तिचा हेतू. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा बालशिक्षण अभ्यासक्रम तयार झाला.

म्हणजे ताई मुलांना खेळवत असेल तर ती काम टाळत नाही, नेमून दिलेलं काम करते आहे. उलट तीन वर्षांच्या मुलाला पुस्तकांचा गठ्ठा आणि गृहपाठ देणारी शाळा कितीही चकचकीत असली, तरी आराखड्याच्या उलट वागते आहे.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६७ साली गरीब घरांतल्या ६८ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. एका गटाला शिक्षिका थेट धडे द्यायची, प्रश्न-उत्तर, घोकंपट्टी. बाकी दोन गटांत मुलं स्वतः ठरवून खेळायची, शिक्षिका मदत करायची. सुरुवातीला तिन्ही गटांची बुद्धी-चाचणी सारखीच सुधारली. मग ही मुलं २३ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. तेव्हा थेट धड्यांच्या गटातल्या जास्त जणांना भावनिक त्रासासाठी मदत घ्यावी लागली होती आणि गंभीर गुन्ह्यांत अटकही जास्त झाली होती. मुलांची संख्या कमी होती, त्यामुळे यावरून लगेच नियम करू नये. पण लवकर रटवल्यानं पोरगं पुढं जातं, या समजुतीला त्यातून आधार मिळाला नाही.

आपल्या देशातही राजस्थान, आसाम आणि तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात ग्रामीण भागातल्या चार वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलांचा २०११ पासून पाच वर्षं अभ्यास झाला. त्यात दिसलं ते दोन्ही बाजूंना जमिनीवर आणणारं आहे. खासगी नर्सऱ्यांत घोकंपट्टी, अंगणवाड्यांत शिकवणंच कमी. वयाला साजेसा खेळ दोन्हीकडे तोकडा. त्यामुळे बरीच मुलं पुरेशी तयारी न होताच पहिलीत पोचली.

तिसरा अभ्यास दिल्लीतला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. तिथं २१४ बालवाड्यांतल्या १५४० मुलांपैकी काहींना चार महिने गणिताचे खेळ दिले. कमी-जास्त ओळखणं, आकार ओळखणं यात ही मुलं पुढं गेली आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकला. पण पहिलीतल्या अंकगणितात मात्र त्यांना वेगळा फायदा दिसला नाही. खेळात समजलेली गोष्ट आणि पाटीवरचा आकडा यांची सांगड आपोआप बसत नाही, असा त्याचा अर्थ.

खेळ म्हणजे मोकाट सोडणं नव्हे

इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. खेळातून शिक्षण म्हणजे पोरं खोलीत कोंडून "खेळा रे" म्हणणं नव्हे. ताईच्या डोक्यात आखणी लागते. आज बिया कशाला दिल्या, उद्या काय द्यायचं, कोणतं मूल बोलत नाही, कुणाला कात्री धरता येत नाही, हे तिला माहीत असावं लागतं. मूल खेळत असताना ती प्रश्न विचारते. "तुझ्या दुकानात काय-काय आहे?" "हा मनोरा का पडला असेल?" मुलाला विचार करून बोलावं लागतं.

आणि अक्षर-आकडे मुळीच नकोत, असंही नाही. पाच वर्षं पुरी होत आली की खेळालाच खूण जोडायची. पाच चिंचोक्यांशेजारी ५चं कार्ड, मुलाच्या चपलेच्या जागेवर त्याचं नाव, दुकान-दुकानमध्ये वस्तूंच्या चिठ्ठ्या. आधी वस्तू, मग चित्र, मग खूण. हा क्रम उलटा केला की गाडी अडते.

आता अंगणवाडीची खरी परिस्थितीही मांडली पाहिजे. अनेक ठिकाणी खोली एक, त्यातच धान्याची पोती. सेविकेला गृहभेटी, वजन-उंची, मोबाईलवर नोंदी, वरून वेगवेगळी सर्वेक्षणं. मग शिकवायचा वेळ त्यातच जातो. खेळण्यांचा संच आलेला असतो, पण 'मोडला तर भरून कोण देणार' म्हणून कपाटात कुलूपबंद. काही ठिकाणी आहार वाटला की अकराला सुट्टी. अशी अंगणवाडी असेल तर पारावरचं ते वाक्य खरं ठरतं.

यावर तमिळनाडूतला एक अनुभव उपयोगी आहे. तिथं ६४० अंगणवाड्यांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांत शिकवण्यासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि कुपोषणही कमी झालं. मूळच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला उसंत मिळाली, हे त्यामागचं कारण. म्हणजे ताईला दोष देण्याआधी तिच्या हाताला मदत आहे का, हे गावानं विचारायला हवं.

मग इंग्रजीचं काय?

आईबापाची खरी ओढ इंग्रजीची असते, आणि ती चूक नाही. इंग्रजी लागणारच. प्रश्न कधी आणि कसा, एवढाच. तीन वर्षांचं मूल घरच्या भाषेत दिवसाला शेकडो प्रश्न विचारतं. हेच का, तेच का, पाऊस कुठून येतो, वासरू का ओरडतं. त्याला न कळणाऱ्या भाषेच्या खोलीत बसवलं की प्रश्न बंद होतात. "मे आय गो टू टॉयलेट" पाठ होतं, पण पोटात दुखतंय हे सांगता येत नाही. घरच्या भाषेत विचार पक्का झालेलं मूल दुसरी भाषा नंतर चांगली शिकतं. धोरणातही शक्य तिथं पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणावर भर आहे.

तांडा, पाडा, वस्ती इथं तर हे जास्तच लागू होतं. ज्या घरात गोरमाटी, भिली, कोरकू, गोंडी बोलतात, त्या लेकराला प्रमाण मराठीसुद्धा परकीच असते. गावातलीच सेविका त्याच्या बोलीत बोलते, हा अंगणवाडीचा मोठा फायदा आहे. इंग्रजीची गाणी, चार शब्द खेळात आले तर आनंदच. पण बोलीचा गळा दाबून नको.

अंगणवाडी असो वा नर्सरी, जाऊन हे बघा

नाव घालण्याआधी एक दिवस तासभर जाऊन बसा. आणि या गोष्टी तपासा:

- खेळणी, ठोकळे, पुस्तकं मुलांच्या हाताला येतील अशी खाली ठेवलीत, की कपाटात बंद?
- भिंतीवर मुलांनी काढलेली वेडीवाकडी चित्रं आहेत, की फक्त विकत आणलेले तक्ते?
- मुलं जास्त बोलतात, की शिक्षिकाच बोलते?
- रोज बाहेर मोकळ्यावर खेळायला नेतात का?
- रोज गोष्ट सांगतात का? मुलांना प्रश्न विचारू देतात का?
- रडणाऱ्या मुलाला जवळ घेतात, की दटावतात?
- लिहिलं नाही म्हणून मारतात किंवा कोपऱ्यात उभं करतात का? तसं असेल तर तिथून लेकरू लगेच काढा.
- पाणी, स्वच्छतागृह, दार-कुंपण नीट आहे का? व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात?

अंगणवाडीत उणीव दिसली तर घरी बसून नावं ठेवण्यापेक्षा बोला. महिन्यातून एकदा पालकांना बोलावून बालशिक्षण दिवस घ्यायची पद्धत योजनेत आहे, त्याला बापानंही जावं. सेविकेनंतर पर्यवेक्षिका, तिच्यावर प्रकल्प अधिकारी असतात. खोली, नळ, कुंपण, वीज यांचा विषय ग्रामसभेत मांडता येतो. संच कुलपात असेल तर ताईला सगळ्यांनी मिळून सांगा, "मोडलं तरी चालेल, पोरांना खेळू द्या." त्या एका वाक्यानं बरंच कुलूप उघडतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी सेविकेला कळवावं. जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव लागू शकतं. कुरणात शाळा नेणाऱ्या अनुताईंच्या महाराष्ट्रात फडावरचं लेकरू सहा महिने कोपीत बसून राहू नये.

घरी काय करता येईल?

पैसा लागत नाही, दिवसाची पंधरा-वीस मिनिटं लागतात.

भाकरी थापताना पिठाचा गोळा मुलाच्या हातात द्या. शेंगा फोडताना "दहा शेंगा मोज" म्हणा. धुतलेले कपडे वेगळे करायला सांगा, आईचे, बाबांचे, ताईचे. शेतात जाताना पानं गोळा करून लहान-मोठी लावायला सांगा. रात्री आजीनं एक गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून विचारावं, "मग पुढं काय झालं असेल?" मूल जे सांगेल ते ऐकावं. छोटे मणी, बिया देताना जवळ बसा, पोरं नाका-तोंडात घालतात.

मोबाईलचं मात्र जपून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. आणि दिवसातून किमान तीन तास अंगाची हालचाल हवी. मोबाईलवरचं गाणं मुलाशी बोलत नाही, त्याच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. जेवताना हातात मोबाईल दिला की घास जातो, पण बोलणं थांबतं.

फी भरून नर्सरीत घातलं तरी हेच लागू आहे, अंगणवाडीत घातलं तरी हेच. मुलाला खेळू देणारी, त्याच्याशी बोलणारी जागा शोधायची. ती गावातच असेल तर व्हॅनचे पैसे वाचतील. नसेल तर तशी करून घ्यायचा हक्क गावाला आहे.

आज दुपारी लेकरू घरी आलं की "आज काय लिहिलं?" असं विचारू नका. "आज काय खेळलास?" असं विचारून बघा. ते थांबून, आठवून, हातवारे करून सांगत बसलं, तर समजा तिथं शिकणं चालू आहे. आणि खाली मान घालून "काही नाही" म्हणालं, तर उद्या सकाळी तासभर काढून स्वतः बघून या.